स्पीकर घेताय? खोक्यावरचे वॅट विसरा

पहिल्या पगारात मी खोक्यावरचं ‘५००० वॅट पीएमपीओ’ बघून स्पीकर घेतले. इंजिनिअर असूनही फसलो! पीएमपीओ मोजण्याचं सर्वमान्य मानकच नाही. बघायचा तो आरएमएस, म्हणजे स्पीकर सलग पेलू शकेल ती ताकद. त्याहून महत्त्वाची सेन्सिटिव्हिटी, जी दुकानदार सहसा सांगतच नाही. ८५ ऐवजी ८८ डेसिबलचा स्पीकर घेतला, तर तेवढ्याच आवाजाला निम्मे वॅट पुरतात. बजेट दहा हजारांचं असेल आणि गाणीच ऐकायची असतील, तर पाच स्पीकरांच्या होम थिएटरपेक्षा दोनच चांगले घ्या. दुकानात ओळखीचं गाणं लावा, बेस वाढवू देऊ नका. घरी कोपरा टाळा. तिथे बेस घुमतो आणि शब्द बुडतात. माझे ते जुने स्पीकरही बाबांनी कपाटावरून कानाच्या उंचीला आणल्यावर जरा सुधारले.