लग्न खरे आहे, हे दाखवायचे कसे?

गेल्या काही महिन्यांत एकाच प्रकारची पत्रे आमच्याकडे वारंवार येत आहेत. मुलगी चिपळूणची, भिवंडीची किंवा मिरजेची, जावई अमेरिकेत. निकाह झाला, वलीमा झाला, वीस-पंचवीस दिवसांची रजा संपवून जावई परत गेले आणि आता मुंबईला वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकन वकिलातीत मुलीला मुलाखतीला बोलावले आहे. वडिलांच्या पत्रात राग असतो. "पाचशे माणसे जेवून गेली. काझी साहेब आहेत, जमात आहे. लग्न खरे आहे हे आणखी कुणाला दाखवायचे?" आईच्या पत्रात राग नसतो, काळजी असते. पोरगी घाबरून चुकीचे काही बोलली तर?

राग समजण्यासारखा आहे, पण समोरच्या अधिकाऱ्याचे काम काय, ते आधी समजून घेऊ. केवळ अमेरिकेत राहण्याचा परवाना मिळावा म्हणून कागदोपत्री लग्ने लावण्याचा धंदा तिकडे फार वर्षे चालू आहे. त्याला आळा घालण्यासाठी १९८६ साली तिथे खास कायदा झाला. खोटे लग्न सिद्ध झाले तर पाच वर्षांपर्यंत कैद आणि अडीच लाख डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. शिवाय ज्या परदेशी माणसाने असे लग्न केले, त्याच्यासाठी पुढे दुसऱ्या खऱ्या लग्नावरून केलेला अर्जही मंजूर होत नाही. त्यामुळे अधिकारी प्रत्येक जोडप्याकडे थोड्या संशयाने पाहतो. काय पाहायचे, हे तिथल्या न्यायालयांनी ठरवून दिले आहे. १९७५ सालच्या एका खटल्यात अपील न्यायालयाने म्हटले की, लग्न करताना दोघांचा एकत्र संसार करण्याचा इरादा होता का, हा मुख्य प्रश्न आहे. त्याच निकालात आणखी एक समंजस गोष्ट आहे: परदेशी जोडीदाराचा संसार इतरांच्या संसारापेक्षा अधिक चाकोरीतला किंवा अधिक यशस्वी असावा, अशी अट सरकारला घालता येणार नाही.

इरादा मनात असतो, तो दाखवायचा कागदावरून. आपल्या घरांची अडचण इथूनच सुरू होते. आपल्याकडचे लग्न माणसांच्या साक्षीने होते, कागद फार थोडे उरतात. मेहर रोख दिला, पावती नाही. दावतीचा खर्च मामूंनी केला, बिल त्यांच्या नावावर. नवरा दर महिन्याला पैसे पाठवतो, ते सासऱ्यांच्या खात्यात. बायकांच्या बैठकीत फोटो काढू दिले नाहीत. पैसे घेऊन लग्न लावणाऱ्यांकडे मात्र अल्बम अगदी व्यवस्थित असतो. अधिकाऱ्यांनाही हे ठाऊक असते. म्हणून नुसत्या अल्बमवर ते भाळत नाहीत.

सर्वात नाजूक गोष्ट रुखसतीची आहे आणि पत्रे लिहिणारे नेमकी तीच शेवटी, जाता जाता लिहितात. अनेक घरांत निकाह करून ठेवतात आणि 'व्हिसा आला की रुखसती करू' असे ठरवतात. काही घरांत तर निकाहच फोनवर किंवा व्हिडिओवर होतो. नवरा तिकडे, नवरी इकडे, दोन्ही बाजूंना वकील आणि गवाह. अशा निकाहाबद्दल उलेमांची मते काय आहेत, तो वेगळा विषय आहे. अमेरिकेचा इमिग्रेशन कायदा मात्र स्पष्ट आहे. विधीच्या वेळी नवरा-नवरी एकमेकांसमोर प्रत्यक्ष हजर नसतील, तर त्यानंतर दोघांचा पती-पत्नी म्हणून सहवास झाल्याशिवाय तो कायदा त्यांना पती-पत्नी मानत नाही. सहवास निकाहानंतरचाच धरतात, आधीची ओळख किंवा भेट उपयोगाची नाही. म्हणजे फोनवर निकाह लावून, रुखसती व्हिसावर टांगून ठेवणाऱ्या कुटुंबाने मुलीला अशा जागी उभे केलेले असते की तिथे तिची खरी उत्तरेच तिच्याविरुद्ध जातात. "निकाहानंतर तुम्ही एकत्र कुठे राहिलात?" या प्रश्नाला तिच्याजवळ उत्तर नसते.

म्हणून आमचे स्पष्ट मत आहे. अमेरिकेला जाणारे नाते असेल तर जावयाने यावे, निकाह समोरासमोर व्हावा, रुखसतीही तेव्हाच व्हावी. फोनवर निकाह आधीच झाला असेल तर जावयाने रजा काढून यावे किंवा दोघांनी तिसऱ्या देशात भेटावे, चार दिवस एकत्र राहावे आणि पासपोर्टवरचे शिक्के, तिकिटे, मुक्कामाची बिले जपून ठेवावीत. एकाच गावात, एकाच वेळी पण पुरुषांची बैठक मशिदीत आणि नवरी घरी, असा निकाह झाला असेल आणि अधिकाऱ्याने त्याबद्दल विचारले, तर मुलीने गोंधळू नये. वकील आणि गवाह घरी येऊन तिची इजाजत कशी घेऊन गेले, नंतर ती सासरी कधी गेली, हे साध्या शब्दांत सांगावे.

आता कागद. उर्दूतला निकाहनामा ही पहिली पायरी आहे, पण तेवढ्यावर थांबू नये. महाराष्ट्रात १९९८ च्या विवाह नोंदणी कायद्याखाली लग्नाची नोंद करता येते. शहरात महापालिकेच्या किंवा नगरपालिकेच्या कार्यालयात, गावात ग्रामपंचायतीत. सर्वोच्च न्यायालयानेही २००६ साली सर्व धर्मांच्या लग्नांची नोंदणी सक्तीची करावी, असे राज्यांना सांगितले आहे. नोंदणीला काझी साहेबांची सही आणि साक्षीदार लागतात. ते परगावी जाण्याआधी, लग्नाच्या आठवड्यातच काम उरकावे. निकाहनाम्याचे इंग्रजी भाषांतर करून घ्यावे आणि भाषांतर करणाऱ्याने 'मला दोन्ही भाषा येतात व भाषांतर अचूक आहे' असे लिहून सही करावी. नावांचे स्पेलिंग मात्र डोळ्यांत तेल घालून पाहा. निकाहनाम्यात शेख, पासपोर्टात शैख, शाळेच्या दाखल्यात आडनावच नाही, हा प्रकार आपल्याकडे घरोघरी आहे. मुलीने नाव बदललेच पाहिजे असे नाही. वडिलांचे नाव ठेवले म्हणून लग्न खोटे ठरत नाही. फक्त सगळ्या कागदांवर एकच नाव हवे.

जावई तिकडचे नागरिक असोत वा ग्रीन कार्डधारक, आय-१३० हा अर्ज तेच करतात. ग्रीन कार्डधारकाच्या पत्नीला वार्षिक मर्यादेमुळे ताटकळावे लागू शकते, नागरिकाच्या पत्नीला ती मर्यादा नाही. अर्ज मंजूर झाला की जावयाला मिळकतीची हमी द्यावी लागते. साधारणपणे त्यांची मिळकत तिथल्या सरकारी दारिद्र्यरेषेच्या सव्वापट तरी असावी लागते. मग वैद्यकीय तपासणी, पोलिसांचा दाखला आणि शेवटी मुंबईची मुलाखत. तिथे मुलगी बहुतेक वेळा एकटीच असते. इंग्रजी येणे ही या व्हिसाची अट नाही, हे तिला आधीच सांगा. तोडक्यामोडक्या इंग्रजीत चुकीचे सांगण्यापेक्षा, आपल्याला कोणती भाषा नीट येते ते तिने सुरुवातीलाच सांगावे.

पुरावे जमवताना ढीग करू नये. निकाहाआधीच्या बोलणीपासून आजपर्यंतचा काळ क्रमाने दिसला पाहिजे. साखरपुड्याचे दोन फोटो, निकाहाचे चार, वलीम्याचे चार, दोन्हीकडचे आईवडील एकत्र दिसतील असा एखादा, नंतर ईदला जावई आले होते तेव्हाचे. प्रत्येकाच्या मागे तारीख, जागा आणि माणसांची नावे. पर्दा पाळणाऱ्या घरात नवरीचे फोटो नसतात. मग पुरुषांच्या बैठकीचे चालतील, लग्नपत्रिका चालेल, हॉलची आणि केटररची पावती चालेल. व्हिसाच्या फोटोत धर्मासाठी रोज घेतलेली ओढणी चालते, चेहरा मात्र पूर्ण दिसावा लागतो.

नवरा-बायकोचे फोनवरचे संदेश द्यावे लागतील का, असे एका वाचक भगिनीने संकोचून विचारले आहे. सगळे द्यायची मुळीच गरज नाही. दर महिन्यातली एक-दोन पाने, ज्यात घरातल्या गोष्टी आहेत, पुरे आहेत: आईचे ऑपरेशन, भाड्याचे घर शोधणे, 'आज काय शिजवले?' खाजगी बोलणे खाजगीच ठेवावे. फोन केल्याच्या नोंदी तारखांसह देता येतात. पैशांच्या बाबतीत आमचा आग्रह आहे की मुलीच्या स्वतःच्या नावाने बँकेत खाते उघडा आणि जावयांनी तिथेच पैसे पाठवावेत. पुरावा तर होतोच, पण तो पैसा तिच्या हातात राहतो, हे आम्हाला जास्त महत्त्वाचे वाटते. विम्यात आणि नोकरीच्या कागदांत पत्नीचे नाव घालायलाही जावयांना सांगा.

दोघांपैकी कुणाचे आधी लग्न झाले असेल तर ते लपवू नका. पहिले लग्न कायद्याने संपल्याचा कागद लागतो. जावयांनी अमेरिकेत राहून तोंडी किंवा कागदावर लिहून तलाक दिला असेल, तर तिथला कायदा तो मानत नाही. तिथल्या कोर्टाचा हुकूम हवा. आपल्याकडेही २०१९ पासून एका दमात दिलेला तीन तलाक रद्दबातल आणि गुन्हा आहे. पहिली बायको असताना केलेल्या दुसरीला अमेरिका व्हिसा देत नाही. मुलीच्या वडिलांनी हे सगळे नाते ठरवतानाच, मेहर ठरवण्याआधी विचारावे. चुलत-मामेभावंडांतले लग्न असेल तरी आधी चौकशी करा. आपल्याकडे ते रीतीचे असले तरी अमेरिकेतल्या काही राज्यांत असे लग्न कायद्याने चालत नाही. जावई कोणत्या राज्यात राहतात, त्यावर बरेच अवलंबून आहे. इथे तिकडच्या वकिलाची फी वाचवू नये.

एजंटांबद्दल दोन शब्द. शंभर प्रश्नांची उत्तरे पाठ करून घेणारे, मागील तारखेची पत्रिका छापून देणारे एजंट आहेत. त्यांना दारात उभे करू नका. खोटा कागद सापडला तर खरे लग्नही वाया जाते आणि त्या मुलीला कायमची बंदी येऊ शकते. नवऱ्याच्या पगाराचा नेमका आकडा माहीत नसेल तर 'मला माहीत नाही' हे चांगले उत्तर आहे. नव्या नवरीला ते माहीत नसणे आपल्याकडे नवलाचे नाही. अधिकाऱ्याने आणखी कागद मागून त्या दिवशी व्हिसा थांबवला, तरी बहुतेकदा ते पूर्ण नकार नसते. मागितलेले कागद नेऊन द्यावेत.

ब्रिटनमध्ये मुली दिलेल्या वाचकांसाठी थोडक्यात. तिथे १९९७ पर्यंत 'हे लग्न मुख्यतः ब्रिटनला येण्यासाठी नाही' हे जोडप्यालाच सिद्ध करावे लागे आणि आपल्या उपखंडातल्या ठरवून केलेल्या लग्नांना त्याचा फार जाच झाला. तो नियम गेला. आता दोघांची प्रत्यक्ष भेट झालेली असावी लागते, सुरुवातीला इंग्रजीची सोपी परीक्षा असते, आणि एप्रिल २०२४ पासून नव्या अर्जांसाठी मिळकतीची अट वर्षाला २९,००० पौंड झाली आहे.

व्हिसा मिळाला म्हणजे पुरावे जमवणे संपले, असे नाही. अमेरिकेत पोहोचताना लग्नाला दोन वर्षे झाली नसतील तर ग्रीन कार्ड दोन वर्षांचेच मिळते. ते संपण्याआधीच्या नव्वद दिवसांत दोघांनी मिळून पुन्हा अर्ज करायचा असतो. तेव्हा घराचा भाडेकरार, संयुक्त खाते, एकत्र भरलेला कर, मूल झाले असेल तर त्याचा जन्मदाखला दाखवावा लागतो. 'माझ्या सहीशिवाय तुझे कार्ड संपेल' अशी धमकी देणारे नवरेही आम्हाला पत्रांतून भेटले आहेत. त्या मुलींनी लक्षात ठेवावे की मारहाण, छळ किंवा तलाक झाला असेल, तर खऱ्या मनाने लग्न केलेल्या पत्नीला नवऱ्याच्या सहीशिवाय एकटीने अर्ज करता येतो. त्यासाठीही लग्नाचे तेच पुरावे लागतात. म्हणून निघताना निकाहनाम्याची मूळ प्रत, नोंदणीचा दाखला आणि पासपोर्ट मुलीच्या स्वतःच्या पर्समध्ये असू द्या. नवऱ्याच्या बॅगेत किंवा सासूबाईंच्या कपाटात ठेवू नका. सगळ्या कागदांच्या झेरॉक्सचा एक संच माहेरी आईजवळ राहू द्या.