कान अचानक बंद झाला तर…



सकाळी दुकान उघडून पहिला फोन घेतला आणि उजव्या कानाला काहीच ऐकू आले नाही, तर आपण काय करतो? फोन डाव्या कानाला लावून भाव ठरवतो. ‘मळ साचला असेल’ असे म्हणून कानात कोमट तेल सोडतो. शहापूर-मुरबाडच्या बाजारात सणाचा हंगाम असला, तर पंधरवडा असाच निघून जातो. नेमका तोच पंधरवडा मोलाचा असतो.

अंतर्कर्णाला रक्त पुरवणारी धमनी अतिशय बारीक असून तिला पर्यायी वाट नसते. प्रवाह अडला, की श्रवणपेशी लवकर निकामी होऊ लागतात. अचानक येणाऱ्या बहिरेपणाचे हे एक संभाव्य कारण. विषाणुसंसर्ग हे दुसरे. पुष्कळदा निश्चित कारण सापडतच नाही. तरी उपचार थांबवायचा नसतो. स्टेरॉइड शक्यतो पहिल्या दोन आठवड्यांतच सुरू व्हावे.

ते गोळ्यांतून देतात. परंतु मधुमेही व्यक्तीची रक्तशर्करा त्यामुळे वाढते. अशा वेळी औषध थेट कानात देता येते. कानाचा पडदा बधिर करून बारीक सुईने मध्यकर्णात औषध सोडतात. त्यानंतर तो कान वर ठेवून, न बोलता, सुमारे अर्धा तास पडून राहावयाचे. औषध ‘गोल खिडकी’ नावाच्या पातळ पापुद्र्यातून अंतर्कर्णात झिरपते. अमेरिकेतील २५० रुग्णांच्या, २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ही पद्धत गोळ्यांपेक्षा उणी ठरली नाही. गोळ्यांनी गुण न आल्यासही तिचा उपयोग करतात. मात्र ऐकू येईलच, अशी हमी नाही. क्वचित पडद्याला छिद्र राहते.

म्हणून आसनगावहून लोकलने वा मुरबाडहून कल्याणमार्गे, त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जावे. कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, शीवचे लोकमान्य टिळक रुग्णालय याच मार्गावर आहेत. श्रवणचाचणी आग्रहाने करून घ्यावी. सोबत बोबडी वळली, तोंड वाकडे झाले किंवा तोल जाऊ लागला, तर तो पक्षाघातही असू शकतो. लगेच १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

पर्युषणातील उपवास चालू असल्यास औषधाविषयी गुरुमहाराजांना जरूर विचारावे. तपासणी मात्र पारण्यापर्यंत लांबवू नये. दुकान एक दिवस बंद राहिले, तर ते उद्या उघडता येते. कानाचे तसे नाही.