एका वर्गात बसणे आणि एक वर्ग होणे

जून महिन्याच्या मध्याला महाराष्ट्रातील शाळांची घंटा पुन्हा वाजू लागते. विदर्भात उन्हाच्या तीव्रतेमुळे ती काही दिवस उशिरा वाजते, एवढाच काय तो फरक. त्या दिवशी पहिलीत पाऊल टाकणाऱ्या बालकांचे कौतुक करण्याची प्रथा आता चांगलीच रूढ झाली आहे. शाळेच्या दाराला तोरण लागते, मुलांच्या हाती फूल दिले जाते, गावातील मान्यवर चार शब्द बोलतात. हे योग्यच आहे. तथापि त्याच आवारात आणखी एक नवागत उभा असतो आणि त्याच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. वाडीवरची चौथीपर्यंतची शाळा संपवून मोठ्या गावच्या शाळेत पाचवीला आलेला, किंवा सातवीनंतर शाळा बदलून आठवीत दाखल झालेला हा विद्यार्थी. त्याच्या हाती फुलाऐवजी वेळापत्रक पडते आणि दुसऱ्या-तिसऱ्या तासाला पहिला धडा सुरू होतो.

या मुलाच्या दृष्टीने झालेला बदल लहान नाही. कालपर्यंत एकच गुरुजी त्याला सारे विषय शिकवीत असत. आता तासागणिक शिक्षक बदलतात. कालपर्यंत वर्गातील प्रत्येक मुलाचे घर त्याला ठाऊक होते. आता पन्नास अपरिचित चेहऱ्यांत त्याला जागा शोधावयाची असते. साहजिकच तो ओळखीचा आधार धरतो. एका वाडीची मुले एका बाकावर, एका गल्लीची दुसऱ्या बाकावर, खासगी शिकवणीला जाणारी पुढे आणि ज्यांच्याजवळ अद्याप वह्या-पुस्तके नाहीत ती मागे, अशी वर्गाची रचना पहिल्याच आठवड्यात ठरून जाते. मुले दहा ते तेरा वर्षांची असतात. या वयात घरच्यांच्या मतापेक्षा सोबत्यांचे मत अधिक मोलाचे वाटू लागते. म्हणून पहिल्या आठवड्यात पडलेल्या या रेषा पुढे वर्षभर पुसल्या जात नाहीत. काही शाळांत गुणांवरून ‘अ’, ‘ब’, ‘क’ अशा तुकड्या पाडून या रेषांना अधिकृत रूपही दिले जाते.

यावर उपाय म्हणून शाळांत परिचयाचा तास घेतला जातो. एकेका विद्यार्थ्याने उभे राहून आपले संपूर्ण नाव, गाव आणि वडिलांचा व्यवसाय सांगावा, अशी त्याची पद्धत असते. शिक्षकांचा हेतू निर्मळ असतो, यात शंका नाही. परंतु महाराष्ट्रात आडनाव, गाव आणि बापाचा धंदा या तीन गोष्टी एका दमात सांगितल्या की ऐकणाऱ्याला जातीचा आणि ऐपतीचा बहुतेक अंदाज येतो. ज्या मुलाचे वडील हयात नाहीत, किंवा ज्याच्या घरचा व्यवसाय सांगताना आवाज खाली जातो, त्याला हा तास शिक्षेसारखा वाटतो. परिचयाच्या नावाखाली नेमके जे मागे ठेवावयाचे तेच पुढे आणले जाते. त्याऐवजी ‘तुला काय करता येते आणि तू दुसऱ्याला काय शिकवू शकशील?’ एवढा एकच प्रश्न विचारला, तर शेळी राखणारा, पोहणारा, सायकलचे पंक्चर काढणारा आणि सुबक अक्षराचा धनी हे सारे एका पातळीवर येतात.

दुसरा प्रचलित उपाय खेळांचा. दोन गट पाडावे, रस्सीखेच लावावी, जिंकणाऱ्यांना बक्षीस द्यावे, म्हणजे संघभावना आपोआप निर्माण होते, असा समज आहे. तो तपासून पाहणे अगत्याचे आहे. १९५४ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यात मुझफर शेरीफ या मानसशास्त्रज्ञाने सुमारे अकरा वर्षे वयाच्या २२ मुलांचे शिबिर भरविले. मुलांचे दोन गट करून त्यांच्यात बक्षिसांच्या स्पर्धा लावण्यात आल्या. काही दिवसांतच शिव्यागाळी, झेंडे जाळणे आणि एकमेकांच्या निवासांवर चाल करून जाणे इथवर मजल गेली. पुढे दोन्ही गटांना एकत्र जेवू घातले, एकत्र चित्रपट दाखविले. वैर काही निवळले नाही. मात्र शिबिराचा पाणीपुरवठा बंद पडला आणि सर्वांना मिळून त्याचे कारण शोधावे लागले, रसद आणणारी मोटार अडली आणि ती सर्वांना मिळून ओढावी लागली, तेव्हा तेढ ओसरू लागली. ज्या दोराने ही मुले एकमेकांविरुद्ध रस्सीखेच खेळली होती, त्याच दोराने त्यांनी ती मोटार ओढली. या प्रयोगात संशोधकांनी स्वतःच अडचणी योजून आणल्या होत्या आणि त्यावर पुढे आक्षेपही घेतले गेले. तरीही वर्ग चालविणाऱ्या कोणाही शिक्षकाला त्यातील मूळ बोध परका वाटणार नाही. नुसत्या सहवासाने माणसे जवळ येत नाहीत. सर्वांच्या गरजेचे आणि एकट्याला न पेलणारे काम त्यांना जवळ आणते.

हेच तत्त्व अभ्यासातही उतरविता येते. अमेरिकेत टेक्सास राज्यातील ऑस्टिन शहरात निरनिराळ्या वंशांची मुले प्रथमच एका वर्गात आली आणि तणाव वाढला, तेव्हा १९७१ मध्ये एलियट अ‍ॅरन्सन यांनी एक साधी युक्ती योजली. धड्याचे पाच-सहा भाग करावयाचे, गटातील प्रत्येक मुलाला एकेक भाग द्यावयाचा आणि त्याने तो इतरांना शिकवावयाचा. आपल्याकडे गोदावरीचा धडा घेतला, तर एकाने उगमाची, दुसऱ्याने धरणांची, तिसऱ्याने पिकांची, चौथ्याने काठच्या शहरांची आणि पाचव्याने पुराची माहिती सांगावी. गटातील अबोल मुलाजवळ जे आहे ते इतर कोणाजवळ नसते. त्यामुळे त्याचे ऐकून घेणे सर्वांच्या हिताचे ठरते.

हे सारे परदेशातून आणावे लागते, असे मात्र कोणी समजू नये. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह उघडले आणि १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे नामकरण झाले. त्या काळी एकत्र जेवण हेच मोठे बंड होते. भाऊरावांनी मुलांना सहभोजनावर व्याख्याने दिली नाहीत. एकत्र राबावयास लावले आणि एका चुलीवरचे अन्न खाऊ घातले. १९३७ च्या वर्धा परिषदेतून पुढे आलेल्या नयी तालीमचा गाभाही हाताने करावयाचे काम हाच होता. ‘कार्यानुभव’ या विषयाच्या रूपाने त्याचा अंश आपल्या अभ्यासक्रमात उरला खरा. परंतु पुष्कळदा तो वहीत चिकटविलेल्या कागदी फुलांपलीकडे जात नाही.

तेव्हा नव्या वर्षाचे पहिले पाच दिवस पाचवी ते आठवीच्या वर्गांनी ‘एक वर्ग’ होण्यासाठी द्यावेत, ही सूचना विचारार्ह ठरावी. सहा-सात मुलांचे गट शिक्षकांनी स्वतः पाडावेत आणि प्रत्येक गटात निरनिराळ्या वाड्यांची मुले-मुली असावीत. एका दिवशी गटांनी शाळेच्या आवाराचा नकाशा तयार करावा; दुसऱ्या दिवशी वर्गाचे नियम मुलांनीच चर्चेने ठरवून भिंतीवर लावावेत; तिसऱ्या दिवशी पावसाचे पाणी कोठे साचते ते पाहून चर काढावा किंवा रोपे लावावीत; चौथ्या दिवशी वर्गाचे हस्तलिखित भित्तिपत्र निघावे. पाचवा दिवस खो-खोचा असावा. या खेळात पाठलाग करणाऱ्याला दोन खुंटांमधली मधली रेषा ओलांडता येत नाही. गडी पलीकडे निसटला की बसलेल्या सोबत्याला खो द्यावाच लागतो. एकट्याने धावून डाव जिंकता येत नाही, हे सांगण्यासाठी यापरते सोपे प्रवचन नाही. मात्र संघ रोज बदलावेत, म्हणजे कालचा प्रतिस्पर्धी आज सोबती होतो.

या योजनेत दोन गोष्टींची दक्षता हवी. झाडणे आणि पाणी भरणे ही कामे मुलींकडे किंवा ठराविक घरांतील मुलांकडे जाता कामा नयेत; पाळी सर्वांना सारखीच लागू असावी आणि तीत शिक्षकांचेही नाव असावे. दुसरी गोष्ट ऊसतोड कामगारांच्या मुलांची. मराठवाड्यातील अनेक शाळांतून ही मुले दिवाळीच्या सुमारास आईबापांबरोबर फडावर जातात आणि परततात तेव्हा वर्ग त्यांना विसरलेला असतो. ज्याचा गट आहे त्याची जागा राखली जाते, त्याच्यासाठी वही उतरवून ठेवली जाते आणि तो कधी येणार याची विचारणा होते. अशा विचारणेने एखादे मूल जरी शाळेत परत आले, तरी पाच दिवसांचे सार्थक झाले असे म्हणावे लागेल.

अभ्यासक्रम पुरा कसा होणार, हा आक्षेप अपेक्षितच आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानुसार सहावी ते आठवीसाठी वर्षाला किमान २२० दिवस काम व्हावयास हवे. त्यातील पाच दिवस म्हणजे शेकडा अडीचही नव्हेत. शिक्षकांवर निवडणूक, सर्वेक्षणे आणि माहिती भरण्याच्या कामांचा भार आधीच आहे, ही तक्रारही खरी आहे. म्हणूनच या पाच दिवसांचे परिपत्रक, अहवाल आणि छायाचित्रांची सक्ती असे स्वरूप होऊ नये. तसे झाल्यास मुले चर काढण्याऐवजी चर काढीत असल्याचे छायाचित्र काढून घेतील. शिक्षणखात्याने एवढेच सांगावे की, हे दिवस शिक्षकांचे आहेत आणि त्यांचा हिशेब मागितला जाणार नाही.

याच कायद्याने खासगी विनाअनुदानित शाळांत दुर्बल व वंचित घटकांतील मुलांसाठी २५ टक्के जागा ठेवल्या. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये नियम बदलून, जवळपास सरकारी वा अनुदानित शाळा असल्यास खासगी शाळांना यातून सूट देऊ केली; त्याच वर्षी जुलैत मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द ठरविला. निर्णय स्वागतार्ह आहे. परंतु न्यायालय मुलांना एका वर्गात बसविण्यापर्यंतच जाऊ शकते. मधल्या सुटीत डबा कोण कोणाबरोबर उघडतो, हे कोणत्याही निकालपत्रात लिहिता येत नाही. ते ठरते शाळेच्या पहिल्या आठवड्यात, आणि ते ठरविण्याचे सामर्थ्य आजही हाती खडू घेऊन वर्गात शिरणाऱ्या शिक्षकाकडेच आहे.