तहानलेल्या झाडाची राखण

परदेशातून आणलेल्या वृक्षाची किंमत केवळ रोपाच्या खर्चाने मोजता येत नाही. ऑस्ट्रेलियातील नीलगिरी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास कॅलिफोर्नियात आली. तिच्या लाकडापासून रेल्वेचे स्लीपर बनविण्याची आशा फोल ठरली. लाकूड वाळताना पिळवटते व फुटते. तरीही सावली व वाऱ्याला आडोसा देणारे झाड म्हणून उपनगरांतील अंगणांत ती स्थिरावली. तिचे मायदेशातील शत्रू मागेच राहिले होते. ही सवलत सुमारे एकशेतीस वर्षे टिकली. १९८४ मध्ये दक्षिण कॅलिफोर्नियात नीलगिरीचे खोड पोखरणारा, लांब मिशांचा भुंगेरा आढळला.

या भुंगेऱ्याची मादी सैल सालीखाली अंडी घालते. अळ्या साल व लाकूड यांमधील जिवंत थर पोखरतात आणि अन्नरसाचा मार्ग तुटून झाड वाळते. तथापि, भरपूर ओलावा असलेल्या सालीत अळ्या तग धरू शकत नाहीत. बळी पडतात ती मुख्यतः तहानलेली झाडे. त्यामुळे सालीआड सुरक्षित असलेल्या अळीवर औषध फवारण्यापेक्षा कोरड्या ऋतूत झाडाच्या घेराखाली, दीर्घ अंतराने पण खोलवर पाणी देणे अधिक फलदायी ठरते. छाटणीही भुंगेरा निष्क्रिय असतो त्या डिसेंबर-जानेवारीत करावी.

रिव्हरसाइड येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी या भुंगेऱ्याच्या अंड्यांवर जगणारी सूक्ष्म गांधीलमाशी ऑस्ट्रेलियातून आणली आणि तिला चांगले यश आले. परंतु १९९५ मध्ये भुंगेऱ्याची दुसरी जात आढळली; तिच्यावर ही माशी तितकी प्रभावी ठरली नाही. सार्वजनिक संशोधन घरमालकाला त्याच्या जबाबदारीतून मुक्त करत नाही, हाच याचा अर्थ.

किंबहुना, खरा प्रश्न शेजारधर्माचा आहे. तोडलेल्या झाडाचे ओंडके जळणासाठी अंगणात रचणाऱ्याचे चार पैसे वाचतात. पण त्यांतून बाहेर पडणारे भुंगेरे कुंपण ओळखत नाहीत. लाभ एकाचा, हानी सर्वांची, असा हा व्यवहार आहे. असे लाकूड ताबडतोब पुरणे किंवा त्याचा भुगा करणे हाच न्याय्य मार्ग होय.

पाणीटंचाईच्या प्रदेशात परक्या झाडाला पाणी का घालावे, हा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच उभी झाडे जगवावीत; नवी लावताना मात्र किडीला सहज बळी न पडणाऱ्या जाती निवडाव्यात. वाळलेले झाड घरावर कोसळण्यापेक्षा पाण्याचा खर्च स्वस्तच पडतो. सामाजिक वनीकरणात नीलगिरी लावणाऱ्या आपल्या देशानेही हा हिशेब ध्यानी ठेवावा. वृक्ष आयात करणे सोपे असते. त्याची राखण मात्र पिढ्यान्‌पिढ्या करावी लागते.