भाड्याचे वाहन, आपली जबाबदारी

वहीपूजन झाले, ज्ञानपंचमीही पार पडली, की व्यापारी कुटुंबास वर्षातील थोडी उसंत लाभते. पेढी धाकट्या भावाकडे किंवा विश्वासू मुनिमाकडे सोपवावी, चार दिवस तीर्थदर्शन घडावे आणि मुलांची सुटीही सत्कारणी लागावी, असा बेत घरोघर ठरतो. नाशिककरांना तर त्यासाठी फार दूर जावे लागत नाही. म्हसरूळचे गजपंथ शहरास लागूनच आहे. सात बलभद्र आणि आठ कोटी मुनी येथून मोक्षास गेले, अशी दिगंबर परंपरेची श्रद्धा आहे. मुंबई महामार्गावर विल्होळीचे धर्मचक्र तीर्थ आहे. चांदवड, मनमाडजवळील अंकाई-टंकाई आणि इगतपुरीजवळील त्रिंगलवाडी येथे डोंगरांत कोरलेली जैन लेणी आहेत. बागलाणातील मांगीतुंगी येथे भगवान ऋषभदेवांच्या १०८ फुटी मूर्तीची प्रतिष्ठा २०१६ साली झाली.

अलीकडे अशा यात्रेसाठी मध्यम आकाराची एसयूव्ही भाड्याने घेऊन ती स्वतः चालवण्याकडे तरुण पिढीचा कल वाढला आहे. घरची छोटी मोटार शहरात पुरेशी असते. आजी-आजोबा, सामान आणि घाटरस्ता एकत्र आले की ती तोकडी पडते. वर्षातील आठ-दहा दिवसांच्या गरजेसाठी मोठे वाहन खरेदी करावयाचे, त्याचे हप्ते, विमा आणि घसारा सोसावयाचा, हा हिशेब व्यापाऱ्याच्या मनास पटत नाही. श्रावकाच्या परिग्रहपरिमाण व्रताशीही भाड्याचा मार्ग सुसंगत आहे. गरजेपुरते घ्यावे, काम झाले की परत करावे, यात धर्म आणि व्यवहार यांचा मेळ बसतो.

मात्र व्यवहार चोख हवा. स्वतः चालवण्यासाठी अधिकृतपणे भाड्याने दिल्या जाणाऱ्या मोटारीची क्रमांकपट्टी काळी आणि तीवरील अक्षरे पिवळी असतात. केंद्र सरकारच्या १९८९ च्या भाडे-मोटार योजनेनुसार या व्यवसायास परवाना लागतो. ओळखीतून, चार पैसे कमी देऊन, पांढऱ्या पट्टीची खासगी गाडी भाड्याने घेण्याची पद्धत सर्रास दिसते. खासगी वाहनाच्या विमापत्रात भाड्याचा वापर वगळलेला असतो. अपघात झाल्यास विमा कंपनी दावा नाकारू शकते, आणि वाचलेल्या काही शेकड्यांपोटी सारी पेढी पणास लागू शकते. गाडी ताब्यात घेताना चारही बाजूंनी छायाचित्रे काढावीत. इंधनाची पातळी, किलोमीटरची मर्यादा, अनामत रक्कम, फास्टॅग आणि दंडाची जबाबदारी यांची लेखी नोंद घ्यावी. रोजमेळ लिहिणाऱ्या हातांना हे काही नवे नाही.

आता प्रत्यक्ष चालवण्याविषयी. या गाड्यांची लांबी साधारण सव्वाचार मीटरहून थोडी अधिक असते. छोट्या मोटारीतून उतरून तिच्या आसनावर बसलेल्यास पहिला अनुभव येतो तो उंचीचा. रस्ता दूरवर दिसतो, खड्डे आधी कळतात आणि मनास एक प्रकारचा भरवसा वाटू लागतो. या भरवशातच धोका दडलेला आहे. दूरचे जितके स्पष्ट दिसते तितके जवळचे दिसत नाही. उंच बॉनेटपुढे उभे असलेले लहान मूल, कडेला बसलेले कुत्रे, मागे वळताना खालचा दगड, हे चालकाच्या नजरेतून सुटते. रविवार कारंजा किंवा पंचवटीच्या बोळांत गाडीच्या रुंदीचा अंदाज यावयास अर्धा दिवस तरी लागतो. म्हणून गाडी घेतल्याबरोबर महामार्गास न लागता आदल्या संध्याकाळी मोकळ्या रस्त्यावर तासभर सराव करावा. ब्रेकची पकड, आरशांची जागा, गिअर स्वयंचलित असल्यास त्याची रीत, डिपर आणि धोक्याच्या दिव्यांची बटणे, हे सारे हातास ठाऊक व्हावे.

मांगीतुंगीस जाताना सोग्रस फाट्यावरून देवळा, सटाणा, ताहाराबाद असा मार्ग धरला की भावडबारीचा घाट लागतो. तेथे या वाहनाचा दुसरा गुण कळतो. वजन आणि उंची अधिक असल्याने वळणावर अंग बाहेरच्या बाजूस झुकते. पुढे बसलेल्यास त्याचे काही वाटत नाही, मागच्या आसनावरील आजींना मात्र मळमळू लागते. वळणाआधीच वेग कमी करावा आणि उतारावर खालचा गिअर ठेवावा. मागे बसणाऱ्यांनीही पट्टा बांधलाच पाहिजे. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सायरस मिस्त्री यांचे अपघाती निधन झाले, तेव्हा ते मागच्या आसनावर होते आणि त्यांनी पट्टा बांधलेला नव्हता. गाडी कितीही मोठी असली तरी पट्ट्याचे काम तिच्या पत्र्याने होत नाही.

जैन कुटुंबाच्या प्रवासात आणखी एक गोष्ट वेग वाढवते, ती म्हणजे सूर्यास्त. नोव्हेंबरात सहाच्या सुमारास दिवस मावळतो. चौविहार पाळणारे वडीलधारे गाडीत असले की पाच वाजल्यापासून घड्याळाकडे नजरा वळतात आणि चालकाचा पाय नकळत दाबला जातो. व्रत पाळण्याच्या घाईत जीवहिंसेचा धोका पत्करणे हा विरोधाभास होय. उपाय सोपा आहे. दशमीत थेपले, खाखरे आणि उकळलेले पाणी बरोबर ठेवावे आणि जेथे वेळ होईल तेथे, सावलीत गाडी उभी करून, शांतपणे जेवण उरकावे. व्रताची वेळ वेळापत्रकात आधीच मांडली की तिचा भार वेगावर पडत नाही.

सर्वांत मोठी जबाबदारी पहाटेची. कार्तिकी पौर्णिमेस चातुर्मास संपतो आणि साधू-साध्वींचा विहार सुरू होतो. मुंबई-आग्रा महामार्ग हा विहाराचा वर्दळीचा मार्ग आहे. ऊन चढण्यापूर्वी मुक्कामी पोहोचावे म्हणून पूज्य साधू-साध्वी भल्या पहाटे निघतात. सुटीवर निघालेली कुटुंबेही, वाहतूक टळावी म्हणून, नेमकी त्याच वेळी रस्त्यावर येतात. विहारातील साधू-साध्वींच्या अपघाती निधनाच्या वार्ता समाजाने वारंवार ऐकल्या आहेत. ताशी ८० किलोमीटर वेगाने गाडी दर सेकंदास सुमारे २२ मीटर जाते. समोरची आकृती ध्यानात येऊन पाय ब्रेकवर पडेपर्यंत एवढे अंतर सरते आणि थांबण्यास त्यानंतर आणखी ३०-४० मीटर लागतात. अंधुक प्रकाशात तेवढ्या अंतरावर दिसणारे पांढरे वस्त्र धुक्यासारखेच भासते.

म्हणून पूर्ण उजाडेपर्यंत वेग ५०-६० च्या आत ठेवावा आणि कडेच्या पट्टीवर डाव्या बाजूने पुढे घुसण्याचा मोह टाळावा. विहारसेवेतील तरुणांची चमकदार जाकिटे किंवा साध्वींच्या सोबतची ढकलखुर्ची दिसताच दिवे डिपरवर घ्यावेत, हॉर्न न वाजवता भरपूर अंतर राखून जावे. दर्शनाची ओढ साहजिक आहे, परंतु मार्गिकेतच गाडी थांबवून वंदनास उतरणे म्हणजे मागून येणाऱ्या ट्रकला साधूंच्या दिशेने वळण्यास भाग पाडणे होय. वंदन करावयाचेच तर पुढे ढाब्याच्या वा पेट्रोलपंपाच्या मोकळ्या आवारात गाडी पूर्णपणे रस्त्याबाहेर घ्यावी आणि तेथे वाट पाहावी. इतके थांबण्यास सवड नसेल तर गाडीतूनच मनोमन केलेले वंदनही पोहोचते.

साधू चार हात भूमी पाहून पाऊल टाकतात, त्यास ईर्यासमिती म्हणतात. श्रावकास ती पूर्णत्वाने पाळणे शक्य नाही. तथापि ताशी शंभराच्या वेगाने जाणाऱ्याचे 'चार हात' किती लांब असावेत, याचा विचार त्याने अवश्य करावा. येता-जाताना घडलेल्या विराधनेची क्षमा प्रतिक्रमणात इरियावहियं सूत्राने मागितली जाते. गाडीची चावी मालकास परत करताना अनामत पूर्ण मिळाली की व्यवहार पुरा झाला असे समजतात. वाटेत एकाही जिवास आपल्यामुळे इजा झाली नाही, हे समाधान घेऊन घरी परतणे, ही यात्रेची खरी शिल्लक होय.