धोका दिसला की आवाज उठवा

पॉवर प्रेसला दोन बटणं असतात, मुद्दाम एकमेकांपासून लांब बसवलेली. दोन्ही हात बटणांवर असल्याशिवाय प्रेस खाली येत नाही. म्हणजे डायमध्ये बोट राहूच शकत नाही. तरीही एक बटण चिकटपट्टीने दाबून ठेवलेलं आणि सेन्सर बंद केलेला, असा प्रेस आजही सापडतो. एका हाताने पत्रा सरकवायचा, दुसऱ्याने बटण दाबायचं. नग भराभर निघतात. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांत किती तरण्या पोरांची बोटं अशीच गेली!

मग चौकशीत शेरा पडतो : कामगाराचा निष्काळजीपणा. हा शेरा मुकाट्याने मान्य करणं आता पुरे झालं. पट्टी कामगाराने लावली असेल, पण टार्गेट कोणी ठरवलं? ती पट्टी रोज बघून पुढे गेलेला सुपरवायझर, इंजिनिअर, मॅनेजर यांचं नाव त्या कागदावर का नसतं?

मोठ्या कंपन्यांनो, तुमच्या गेटवर अपघाताविना गेलेले दिवस मोजणारा फलक असतो. टाकीत उतरणारा, शेडवर चढणारा कंत्राटी कामगार त्या आकड्यात धरलाय का? तुमचेच भाग बनवणाऱ्या व्हेंडरकडे तिसऱ्या पाळीत उभा असलेला ट्रेनी? धरला नसेल, तर तो फलक खोटा आहे.

भोपाळमध्ये १९८४ च्या डिसेंबरात हजारोंचा जीव गेला, तेव्हा कुठे १९८७ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली. धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यांत सुरक्षा समिती आली, तिच्यात कामगारांचे आणि व्यवस्थापनाचे प्रतिनिधी समसमान. जिवावरचा धोका दिसला तर तो व्यवस्थापनाच्या नजरेस आणण्याचा आणि त्याच वेळी सरकारी निरीक्षकाला कळवण्याचा हक्क तिथल्या कामगाराला मिळाला. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही तो कायम आहे. इतकी किंमत मोजून मिळालेला हक्क आपण वापरतो किती? डोंबिवलीच्या एमआयडीसीत २६ मे २०१६ ला स्फोट झाला आणि २३ मे २०२४ ला पुन्हा. काचा आसपासच्या घरांच्याही फुटल्या. कारखान्यातली हयगय गेटच्या आत थांबत नाही.

कान आणि फुफ्फुसं तर गाजावाजा न होता निकामी होतात. म्हणून वैद्यकीय तपासणीचा रिपोर्ट फाइलमध्ये नको, कामगाराच्या हातात हवा.

४ मार्चला, राष्ट्रीय सुरक्षा दिनी, शपथ जरूर घ्या. पण ५ मार्चला सुरक्षा समितीत आपला प्रतिनिधी कोण, हे विचारा. कोणी नसेल तर नेमायला लावा. युनियनच्या पुढाऱ्यांनो, पुढच्या करारात पगारवाढीइतकाच जोर सुरक्षेवर लावा. मॅनेजर मंडळींनो, थोडक्यात टळलेला अपघात सांगायला येणाऱ्याला आधी बसवून ऐकून घ्या. आणि धोका दिसला म्हणून मशीन थांबवणाऱ्या सोबत्याच्या हाती मेमो पडला, तर त्या दिवशी सगळ्या पाळीने त्याच्या पाठीशी उभं राहा.