वार्डीच्या गोलांमागची छोटी मैदानं

शेफील्ड वेन्सडे या इंग्लिश फुटबॉल क्लबनं जेमी वार्डीला युवा संघातून काढलं तेव्हा तो १६ वर्षांचा होता. कारण काय, तर पोरगा अंगापिंडानं लहान. याच वार्डीनं २०१५-१६ मध्ये लेस्टर सिटीसाठी सलग ११ सामन्यांत गोल करून प्रीमियर लीगमध्ये विक्रम केला. त्या मोसमात त्याचे २४ गोल झाले आणि लेस्टर विजेता ठरला. पुढं २०१९-२० मध्ये, वयाच्या ३३व्या वर्षी, लीगमध्ये सर्वाधिक गोल त्याच्याच नावावर होते.

ही कहाणी नेहमी चमत्कार म्हणून सांगितली जाते. पण चमत्कार म्हटलं की तो घडवणाऱ्या माणसांचे कष्ट झाकले जातात.

इंग्लंडमध्ये प्रीमियर लीग आणि तिच्याखालच्या तीन विभागांत मिळून ९२ क्लब आहेत. त्याखालचा सगळा फुटबॉल म्हणजे नॉन-लीग. तिथले बहुतेक खेळाडू दिवसा नोकरी करतात आणि संध्याकाळी सरावाला येतात. वार्डीही कारखान्यात वैद्यकीय स्प्लिंट बनवायचा आणि शेफील्डजवळच्या स्टॉक्सब्रिज पार्क स्टील्सकडून आठवड्याला ३० पौंडांवर खेळायचा. २००७ मध्ये मारामारीच्या गुन्ह्यात तो दोषी ठरला. घोट्याला इलेक्ट्रॉनिक पट्टा बसला आणि संध्याकाळनंतर घराबाहेर राहायला बंदी आली. लांबच्या सामन्यात तासभर खेळायचं आणि वेळेत घर गाठायचं, असे ते दिवस होते. तरीही क्लबनं त्याला मैदानाबाहेर बसवलं नाही.

२०१० मध्ये हॅलिफॅक्स क्लबनं त्याच्यासाठी मोजले १५ हजार पौंड. पुढं फ्लीटवुडमध्ये एकाच मोसमात त्यानं लीगमध्ये ३१ गोल केले आणि त्या क्लबला प्रथमच ९२ जणांच्या पंगतीत नेलं. २०१२ मध्ये लेस्टरनं त्याच्यासाठी १० लाख पौंड दिले. नॉन-लीगच्या खेळाडूसाठी हा विक्रमी आकडा होता.

वार्डी एकटा नाही. इयान राइट १९८५ मध्ये ग्रिनिच बरो या नॉन-लीग क्लबातून क्रिस्टल पॅलेसला गेला, तेव्हा तो बाविशीला टेकला होता. आर्सेनलसाठी त्यानं पुढं १८५ गोल केले. चार्ली ऑस्टिनलाही रेडिंगनं लहान चणीमुळे सोडलं होतं. विटा रचण्याचं काम करत तो पूल टाउनकडून खेळत राहिला आणि प्रीमियर लीगपर्यंत पोहोचला.

कोवळ्या वयात शरीर मोजून खेळाडूचं भविष्य ठरवणं चुकीचं आहे, हे या तिघांपैकी दोघांच्या कारकिर्दीतून थेट दिसतं. ती चूक सुधारण्याचं काम मोठ्या अकादमींनी नव्हे, तर छोट्या क्लबांनी केलं. कमाई मात्र वरच्या क्लबांकडे जाते. देशांतर्गत पुढच्या विक्रीतला हिस्सा छोट्या क्लबला हवा असेल, तर तो घासाघीस करून करारात लिहून घ्यावा लागतो.

इंग्लंडमध्ये २०२५ च्या कायद्यानं फुटबॉलसाठी स्वतंत्र नियामक आला. त्याची कक्षा वरच्या पाच पातळ्यांपुरती आहे. वार्डी पहिल्यांदा चमकला तो आठव्या पातळीवर. म्हणून नॉन-लीगमधून वर गेलेल्या खेळाडूच्या प्रत्येक पुढच्या विक्रीतला ठरावीक वाटा त्याच्या जुन्या क्लबांना मिळावा, असा नियम फुटबॉल असोसिएशननं करायला हवा. त्यातून मिळणारी छोटी रक्कमही अशा क्लबांना मैदान, दिवे आणि युवा संघ टिकवायला उपयोगी पडेल.